घोरपड निपचित पडते तेव्हा

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा हा नाशिककरांच्या रोजच्या बोलण्यातला विषय असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद 5-6 अंशांच्या खाली गेली की द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक सुरू होतं, मणी तडकू नयेत म्हणून घरातलं कोणी ना कोणी जागं राहतं. त्याच बागेच्या बांधात, दगडांच्या कपारीत नाहीतर जुन्या वारुळात घोरपड पडून असते. तिचं अंग त्या बांधाइतकंच गार झालेलं असतं. अशा दिवसांत जेसीबीने बांध मोडला आणि ती बाहेर आली, तर ती हलत नाही. डोळे अर्धे मिटलेले, मागचे पाय ताणलेले. बघणारा म्हणतो, मेली.

कधी ती खरंच मेलेली असते. कधी नुसती गारठलेली असते. कधी यंत्राच्या दात्याने पाठीचा कणा मोडलेला असतो, म्हणून मागचा भाग हलत नाही. कधी ती पूर्ण शुद्धीवर असते आणि भीतीने गप्प असते. आणि पुढे कोणी तिला दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, की आणखी एक निपचितपणा येतो, तो भुलीचा. बाहेरून हे सगळे प्रकार जवळजवळ सारखेच दिसतात. सरडे, पाली, घोरपडी यांना उपचारासाठी सुरक्षित भूल कशी द्यावी, या प्रश्नावर गेल्या काही दशकांत बरंच संशोधन झालं आहे. ते वाचताना मला सारखं जाणवत राहिलं की हा विषय औषधांचा म्हणून जितका आहे, त्याहून जास्त निपचितपणाचे हे प्रकार एकमेकांपासून वेगळे ओळखण्याचा आहे.

नाशिकमध्ये असे रुग्ण दोन वाटांनी येतात. पहिली वाट रानाची. रस्त्यावर गाडीखाली सापडलेली, कुत्र्यांनी फाडलेली, विहिरीत पडलेली, पक्ष्यांसाठी बागेवर टाकलेल्या जाळीत अडकलेली घोरपड सर्पमित्रांच्या किंवा वनविभागाच्या हाती येते. वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड अनुसूची 1 मध्ये आहे, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंक्तीत. तिला मारणं, पकडणं, घरात ठेवणं यासाठी तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान 25,000 रुपये दंड आहे. त्यामुळे जखमी घोरपड दिसली तर चांगल्या हेतूनेही ती घरी आणून ठेवता येत नाही. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवणं हाच रस्ता. नाशिकपुरतं सांगायचं तर म्हसरूळला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. पुण्यात बावधनला, नागपुरात सेमिनरी हिल्सवर अशीच केंद्रं आहेत. बिबट्यांच्या बातम्यांमुळे ही केंद्रं लोकांना माहीत झाली, पण त्यांच्या दारात सरपटणारे प्राणीही येतात.

दुसरी वाट फ्लॅटमधल्या काचेच्या पेटीतून येते. हिरवा इग्वाना, बिअर्डेड ड्रॅगन, लेपर्ड गेको. हे परदेशी प्राणी गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या शहरांत पाळले जाऊ लागले. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने नियम काढून कायद्याच्या अनुसूची 4 मधल्या परदेशी प्राण्यांची परिवेश पोर्टलवर नोंद सक्तीची केली, इग्वाना त्यात येतो. या प्राण्यांचे आजार बहुतेक घरातच तयार होतात. अतिनील किरणांचा दिवा नाही, कॅल्शियम नाही, दिवसभर कोबी आणि काकडी, मग हाडं मऊ पडतात आणि जबडा रबरासारखा वाकतो. मादीच्या पोटात अंडी अडकतात. तोंडात पू होतो. एक्स-रे काढायचा, गळू उघडायचं, अंडी काढायची, तर प्राणी स्थिर हवा.

म्हणजे रुग्ण आहेत, कायदा आहे, केंद्रही आहे. उणीव आहे ती रोजच्या सवयीच्या हाताची. पशुवैद्यकाचं शिक्षण मुख्यतः गाय, म्हैस, शेळी, कोंबडी आणि कुत्रा यांच्याभोवती फिरतं, आणि शेतीप्रधान राज्यात ते रास्तच आहे. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून उभं आहे, पण नाशिकहून तिथे पोचायला निम्मा दिवस जातो. पाठीचा कणा दुखावलेल्या घोरपडीला तो प्रवास सोसेलच असं नाही. म्हणून प्रश्न असा उरतो की कुत्र्या-मांजरांना रोज भूल देणाऱ्या एखाद्या चांगल्या डॉक्टरने या प्राण्याकडे वळताना कुठली सवय सोबत न्यावी आणि कुठली दाराबाहेर ठेवावी.

सगळ्यात आधी दाराबाहेर ठेवायची ती कुत्र्याच्या शरीराच्या तापमानाबद्दलची निश्चिंती. कुत्रा आपली ऊब आपण बनवतो. घोरपड ती उन्हातून उसनी घेते. औषध पसरवणारं रक्ताभिसरण, ते मोडणारं यकृत, बाहेर टाकणारी मूत्रपिंडं, सगळ्यांचा वेग अंगाच्या तापमानावर चालतो. बहुतेक दिनचर सरड्यांचं शरीर 30 ते 35 अंशांच्या आसपास नीट काम करतं, रात्री हिंडणाऱ्या गेकोचं थोडं कमी तापमानालाही. याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. जानेवारीत सकाळी आणलेल्या, 15 अंशांवर असलेल्या घोरपडीला नेहमीचा डोस दिला, तर अर्ध्या तासाने ती तशीच हालचाल करताना दिसते. डॉक्टरांना वाटतं औषध कमी पडलं, ते आणखी देतात. पहिला डोस मात्र वाया गेलेला नसतो. तो स्नायूत पडून असतो. दुपारी खोली तापते, दोन्ही डोस एकदम रक्तात उतरतात आणि प्राणी बुडतो. प्रत्येक पाऊल हेतूने चांगलं असलेली ही चूक आहे, आणि म्हणूनच ती वारंवार होऊ शकते.

त्यामुळे निकडीची शस्त्रक्रिया नसेल तर आधी प्राण्याला काही तास, गरज पडली तर पूर्ण दिवस, योग्य उबेत ठेवायचं, सलाइन देऊन शरीरातलं पाणी भरून काढायचं, आणि मगच भुलीचा विचार करायचा. ऊब देतानाही एक धोका आहे. सरड्यांना खालून लागणारा चटका वेळेवर कळत नाही, ते भाजेपर्यंत गरम पॅडवर पडून राहतात. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवली तरी तासाभरात ती गार होते आणि मग तीच अंगातली ऊब ओढायला लागते. हवा गरम करणं, गुदद्वारात तापमापक ठेवून आकडा बघत राहणं हे जास्त भरवशाचं.

इथेच एका जुन्या प्रथेचा विषय येतो. एके काळी जगभर सरड्यांना, सापांना फ्रीजमध्ये किंवा बर्फात ठेवून गार करत आणि ते हलेनासे झाले की कापत. स्वस्त पद्धत, औषध नको, आणि प्राणी अगदी शांत. पण गारठलेला प्राणी हलू शकत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असं सिद्ध झालेलं नाही. स्नायू थंडीने थिजतात, वेदना वाहून नेणारी यंत्रणाही बंद पडली का, हे बाहेरून बघून सांगता येत नाही. म्हणून आज पशुवैद्यकीय संस्था शस्त्रक्रियेसाठी गारठवणं अमान्य करतात. गारठवण्याच्या बाजूने एक वेगळा आवाजही उठला, तो टाळून आढावा पुरा होणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या रिचर्ड शाइन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये केन टोड या बेडकांच्या मेंदूतल्या हालचाली मोजल्या आणि आधी गार करून मग गोठवलं तर वेदनेच्या खुणा दिसत नाहीत असं मांडलं. तो अभ्यास महत्त्वाचा आहे, पण तो मरणाबद्दल आहे. गोठणाऱ्या बेडकावर कोणी चाकू चालवत नव्हतं, आणि त्याला परत जागंही व्हायचं नव्हतं. त्यावरून घोरपडीचा पाय फ्रीजच्या भरवशावर कापायला निघणं मला मुळीच मान्य नाही. गारठ्यातून उठणाऱ्या प्राण्याची प्रतिकारशक्ती आणि जखम भरण्याची गतीही मंदावते, हा तोटा वेगळाच.

औषधाशिवाय प्राणी शांत करण्याची एक पद्धत मात्र खरोखर उपयोगी आहे. इग्वाना किंवा घोरपडीच्या दोन्ही मिटलेल्या डोळ्यांवर कापसाचे गोळे ठेवून वर हलकी, सैल न होणारी पट्टी बांधली की डोळ्यांवरच्या सौम्य दाबाने मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेला संदेश जातो. हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो आणि प्राणी पडून राहतो. मोठा आवाज झाला किंवा कोणी चिमटा काढला तर तो लगेच सावध होतो. तेवढ्यात एक्स-रे निघतो. पण ही भूल नाही, आणि या अवस्थेत सुईदेखील टोचायची नाही. बघणाऱ्याला मात्र ती भुलीसारखीच दिसते, इतकी की पहिल्यांदा पाहणारा फसतो.

हाताने धरण्याबद्दल आपल्याकडे गोष्टींचा भार जास्त. तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगडाच्या कड्याला घोरपड लावली ही आख्यायिका आपण शाळेत ऐकतो आणि घोरपड म्हणजे न थकणारी दोरी अशी समजूत मनात राहते. तिची पकड जबर असते हे खरं. नखं कपारीत रुतवून तिने अंग फुगवलं की तिला ओढून काढणं अवघड. पण ती ताकद थोड्या वेळाची आहे. सरड्यांच्या स्नायूंचा मोठा भाग प्राणवायूशिवाय जोर काढतो आणि त्या जोराची किंमत म्हणून रक्तात लॅक्टिक आम्ल साचतं. इतर सरड्यांच्या मानाने घोरपडीचा दम मोठा, तरी दहा-पंधरा मिनिटं झटापट केलेली, गोणीत कोंबलेली, गाडीच्या डिकीत तापलेली घोरपड टेबलावर येते तेव्हा तिचं रक्त आधीच आम्लधर्मी झालेलं असतं. अशा रक्तात भुलीचं औषध सोडणं धोक्याचं. पकडणाऱ्याने तिच्या तोंडावर कापड टाकून, अंधारात, कमीत कमी ओढाताण करून तिला आणलं तर निम्मी भूल तिथेच सुरक्षित झाली असं मी म्हणेन. पालींची आणि इग्वानाची शेपटी धरू नये, ती तुटून हातात येते. घोरपडीची तुटत नाही, पण तिचा फटका माणसाच्या डोळ्याला इजा करू शकतो.

आता औषधं. आपल्याकडे प्राणिसंग्रहालयांत आणि वनविभागात वर्षानुवर्षं झायलाझिन आणि केटामाइन ही जोडी हाताशी असते, कारण बिबट्याला, हरणाला तीच चालते. सरड्यांमध्ये एकट्या केटामाइनचा अनुभव फारसा बरा नाही. मोठा डोस लागतो, स्नायू ताठ राहतात आणि प्राणी शुद्धीवर यायला कित्येक तास, कधी दिवस लागतात. डिसेंबर 2013 मध्ये केटामाइन औषध नियमांच्या अनुसूची एक्समध्ये गेलं, त्यामुळे ते कुलपात ठेवणं, दुहेरी चिठ्ठी आणि दोन वर्षांची नोंद हे सगळं आलं. माणसांमधला गैरवापर बघता तो नियम आवश्यक होता, पण छोट्या दवाखान्याला त्याचा त्रास होतो. शिरेतून देता आलं तर प्रोपोफॉल चांगलं, ते झटकन चढतं आणि उतरतं. शीर मिळते ती शेपटीच्या पोटाकडच्या बाजूला, मणक्याच्या अगदी लगत, आणि ती डोळ्यांना दिसत नाही, हाताला शोधावी लागते. अल्फाक्सॅलोन स्नायूतूनही देता येतं. 2011 मध्ये बर्टेलसेन आणि साउअर यांनी हिरव्या इग्वानांवर त्याचे वेगवेगळे डोस पाहिले आणि डोस वाढेल तशी भूल खोल होते हे दाखवलं.

मला सगळ्यात आशादायक वाटतो तो उलटवता येणाऱ्या औषधांचा मार्ग. डेक्समेडेटोमिडीन आणि मिडाझोलाम त्वचेखाली एकत्र दिलं की गेको शांत होतो, आणि काम झाल्यावर पहिल्यावर अटिपामेझोल, दुसऱ्यावर फ्लुमाझेनिल असा उतारा देता येतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 2017 मध्ये लेपर्ड गेकोंवर हे दाखवलं. मंद चयापचयाच्या प्राण्याला औषध आपणहून उतरेल याची वाट बघायला लावण्यापेक्षा उतारा देऊन मोकळं करणं केव्हाही चांगलं. मात्र उतारा ट्रेमध्ये भरून ठेवल्याशिवाय पहिली सुई टोचू नये.

इंजेक्शन कुठे द्यायचं याची कथा मला विशेष आवडते, कारण त्यात एका पाठ नियमाचं काय झालं ते कळतं. सरड्यांच्या मागच्या पायांतून आणि शेपटीतून येणारं रक्त हृदयाकडे परतण्याआधी मूत्रपिंडांतून जाऊ शकतं. म्हणून पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं की इंजेक्शन पुढच्या पायात द्या, मागे दिलं तर औषध मूत्रपिंडातच वाया जाईल किंवा त्यालाच इजा करेल. 1990 च्या दशकात पीटर होल्झ यांनी कासवांवर प्रतिजैविकं वापरून तपासलं तेव्हा उपचारापुरता त्यातून फारसा फरक पडत नाही असं दिसलं. नियम सैल झाला. मग 2018 मध्ये लेपर्ड गेकोंना डेक्समेडेटोमिडीन आणि केटामाइन हेच मिश्रण पुढच्या आणि मागच्या पायात देऊन पाहिलं, तर पुढे दिलेल्यांना स्पष्ट गुंगी आली आणि मागे दिलेल्यांना फारच कमी. अभ्यासकांचा रोख यकृताकडे होता: मागून येणारं रक्त यकृतातून जाताना औषध आधीच मोडलं जात असावं. म्हणजे म्हातारा नियम टिकला, त्यामागचं कारण मात्र बदललं. टेबलाजवळ उभ्या डॉक्टरांसाठी उत्तर साधं आहे, भुलीचं इंजेक्शन पुढच्या भागात द्या.

डोसचं गणितही सांगायला हवं, कारण अपघात बहुतेक तिथे होतात. लेपर्ड गेकोचं वजन साधारण 60 ग्रॅम. उदाहरणापुरतं किलोला 10 मिलिग्रॅम असं एखादं औषध धरलं, तर त्याला लागतं 0.6 मिलिग्रॅम. कुपीत मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम असेल तर ते होतं 0.012 मिलिलिटर. आपल्याकडच्या 40 युनिटच्या इन्शुलिन सिरिंजवर एक रेघ 0.025 मिलिलिटरची, म्हणजे हा डोस अर्ध्या रेघेहून कमी! सुईच्या टोकात अडकून राहणारं औषधच याहून जास्त असू शकतं. ते दहापट पातळ केलं की 0.12 मिलिलिटर होतं, आणि तेव्हा कुठे ते मोजता येतं. ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा आणि औषध पातळ करण्याची सवय या दोन गोष्टी महागड्या यंत्राआधी हव्यात. आपल्या पठारांवरच्या गळा पसरणाऱ्या सरड्यांच्या गटाला 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी मराठी शब्दावरूनच ‘सरडा’ हे प्रजातिनाम दिलं. काही ग्रॅमच्या त्या प्राण्याला नमुने घेण्यासाठी गुंगी द्यायची वेळ आली तर हे गणित आणखी कठीण होतं.

श्वासाचा भाग हा या विषयाचा गाभा. कुत्र्याच्या तोंडावर मास्क धरून आयसोफ्लुरेन सोडलं की तो काही मिनिटांत झोपतो. इग्वाना श्वास रोखून बसतो. मिनिटामागून मिनिटं जातात, पेटी वायूने भरते, प्राणी श्वासच घेत नाही, आणि सगळ्यांना वाटतं तो झोपला. ही शांतताही फसवी. म्हणून आधी इंजेक्शनने गुंगी, मग श्वासनळीत नळी, मग वायू, हा क्रम जास्त बरा. नळी टाकणं तसं सोपं आहे, श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशी समोरच दिसतं. फुगा नसलेली, बारीक नळी लागते, अगदी लहान प्राण्यांना शिरेत टाकतात ती कॅन्युलाही चालते.

सरड्यांना आपल्यासारखं श्वासपटल नाही. बरगड्यांमधले स्नायू छाती फुगवतात, आणि भुलीत तेच स्नायू ढिले पडतात. घोरपडीकडे आणखी एक साधन आहे. 1999 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ओवेरकोविच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की घोरपडीच्या कुळातले प्राणी चालताना गळ्याच्या पंपाने हवा फुफ्फुसात ढकलतात. आपण शेतात पाहिलेली, गळा फुगवत थांबणारी घोरपड आठवून बघा. भुलीत बरगड्यांचे स्नायूही थांबतात आणि गळाही. म्हणून तिच्यासाठी श्वास कुणीतरी घ्यावा लागतो. मिनिटाला चार-सहा वेळा, हलक्या दाबाने, पिशवी दाबत राहायचं. यंत्र असलं तर उत्तम, नसलं तर एका माणसाने दुसरं कोणतंही काम न करता एवढंच करायचं. त्यात हृदयाचीही भर. घोरपडीच्या, इग्वानाच्या हृदयात तीन कप्पे, आणि फुफ्फुसाला वळसा घालून रक्त थेट शरीराकडे जाऊ शकतं. त्यामुळे डायलवर वायूचं प्रमाण किती आहे यावरून मेंदूत किती पोचलं हे नेमकं सांगता येत नाही. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर माणसाच्या हिमोग्लोबिनसाठी बनलेलं, त्याच्या आकड्यावर इथे विसंबू नये. सगळ्यात भरवशाचं साधन डॉप्लर, ज्यातून रक्तप्रवाहाचा आवाज ऐकू येतो. इग्वानाचं हृदय पुढच्या पायांच्या मधे असतं, घोरपडीचं बरंच मागे. हे माहीत नसलं तर डॉक्टर चुकीच्या जागी डॉप्लर लावून आवाज शोधत बसतात आणि जिवंत प्राणी मेल्यासारखा वाटतो.

वेदनेबद्दल लिहिताना मला राग आवरत नाही. सरपटणाऱ्यांना दुखत नाही ही समजूत आजही सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकू येते. दुखणारा सरडा ओरडत नाही, म्हणून. तो खाणं सोडतो, रंग गडद करतो, डोळे मिटून बसतो, आणि आपण म्हणतो किती गरीब जनावर आहे. कर्ट स्लॅडकी यांच्या गटाने 2008 मध्ये बिअर्डेड ड्रॅगनच्या पायाला उष्णता लावून ते पाय किती वेळात मागे घेतात ते मोजलं. मॉर्फिन दिल्यावर ते पाय उशिरा मागे घेऊ लागले, म्हणजे त्याचा उपयोग झाला. ब्युटॉर्फॅनॉलचा तसा परिणाम दिसला नाही. हे आपल्यासाठी फार अडचणीचं आहे, कारण ब्युटॉर्फॅनॉल दवाखान्यात सहज असतं, मॉर्फिन अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्याच्या कचाट्यात. दिलं म्हणून समाधान मानायचं आणि प्राण्याला काहीच न मिळायचं, असं होऊ शकतं. जखमेच्या जागी मोजून टोचलेलं लिग्नोकेन मात्र कोणत्याही तालुक्याच्या दवाखान्यात मिळतं, बिअर्डेड ड्रॅगनच्या पाठीच्या कण्याशी बधिरीकरण करण्याचेही प्रयोग झाले आहेत. मेलॉक्सिकॅम सूज आणि दुखणं कमी करण्यासाठी सरड्यांमध्येही वापरतात, पण शरीरात पाणी कमी असलेल्या प्राण्याच्या मूत्रपिंडांना ते जड जातं. म्हणून पुन्हा आधी सलाइन.

भूल किती खोल आहे हे कळण्याची रीत जुनी आणि हाताची आहे. प्राण्याला पाठीवर उलटा करा. तो सरळ होण्याचा प्रयत्न करत नसेल तर गुंगी आली. अंग ढिलं पडत जातं ते डोक्याकडून शेपटीकडे, आणि परत येताना शेपटीकडून डोक्याकडे. पायाचं बोट चिमटून पाय मागे घेतो का बघायचं. घोरपडीची दुभंगलेली जीभ हलकेच ओढली आणि तिने ती आत घेतली तर ती अजून पुरती बेशुद्ध नाही. पापणीला स्पर्श करण्याची खूण बहुतेक पालींत चालत नाही, त्यांना हलणारी पापणी नाही, पण लेपर्ड गेकोला आहे. नवखा माणूस इथे चुकतो. हृदयाचा आवाज येतो म्हणून सगळं ठीक आहे असंही धरता येत नाही. मेंदू गेल्यावरही सरड्याचं हृदय बराच वेळ धडधडत राहतं. म्हणूनच मृत्यू ठरवायलाही घाई नको, ना या बाजूने ना त्या बाजूने.

शुद्धीवर आणण्याच्या टप्प्यावर एक गोष्ट सवयीच्या विरुद्ध आहे. आपल्याला वाटतं, जितका जास्त प्राणवायू तितकं चांगलं. सरड्यांना श्वास घ्यायला लावणारी मुख्य प्रेरणा रक्तातल्या प्राणवायूची कमतरता ही असते. शुद्ध प्राणवायूवर ठेवलं तर ते श्वासच घेत नाहीत. म्हणून वायू बंद केल्यावर साध्या खोलीतल्या हवेने पिशवी दाबायची. नळी काढण्याची घाई करायची नाही, ती प्राण्याने स्वतः दोन-चार चांगले श्वास घेतल्यावर, जबडा हलवायला लागल्यावर काढायची. कासवांमध्ये एपिनेफ्रिनचं इंजेक्शन दिल्याने जाग लवकर येते असं दिसलं आहे. सरड्यांत तो उपाय अजून नित्याचा झालेला नाही.

या सगळ्यात पैसा किती लागतो? डॉप्लर, ग्रॅमचा काटा, छोटी पिशवी, बारीक नळ्या, तापमापक, उबदार पेटी. एका जिल्ह्याच्या केंद्राला पेलणार नाही असं यात काही नाही. जास्त अवघड आहे वेळ देणं. इग्वानाच्या पोटातली अंडी काढायला तास-दीड तास, आणि त्याला पूर्ण जागं होताना बघत बसायला उरलेला दिवस. पाळणाऱ्यांनी आधी सांगायच्या गोष्टीही आहेत: शेवटचं काय खाल्लं, जिवंत अळ्या किंवा झुरळं दिली होती का (गुंगीतल्या गेकोच्या तोंडात न गिळलेला किडा सापडू शकतो), पेटीचं तापमान किती असतं, दिवा कधी बदलला. डॉक्टरांनी हे विचारलं नाही तर आपणच सांगावं. आणि हातांची स्वच्छता विसरू नये, कारण या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू असतात.

घोरपडीची गोष्ट दवाखान्यात संपत नाही. ती उठून बसली, शेपूट आपटायला लागली, की लोकांना तिला सोडून द्यायची घाई होते. सोडणाऱ्यालाही ते दृश्य हवं असतं. पण जिभेने हवा चाटून वास घेणारी घोरपड आणि नुसती पाय हलवणारी घोरपड यांत फरक आहे. किमान एक दिवस, शस्त्रक्रिया मोठी असेल तर जखम भरेपर्यंत, ती पेटीत राहावी. सोडायची ती जिथे सापडली त्याच शिवारात, तिच्या ओळखीच्या बांधाजवळ. आणि हिवाळ्यात नाशिकमध्ये संध्याकाळी तर मुळीच नाही. सकाळी दहा-अकराला, ऊन दगडांवर नीट उतरलं की गोणीचं तोंड उघडायचं आणि बाजूला व्हायचं. ती आधी थांबते, गळा फुगवते, जीभ बाहेर काढते. कधी पाच मिनिटं हलत नाही, आणि तेव्हा तिला काठीने ढोसायचं नसतं.